मोटारीतून सायकल सुरक्षितपणे आणि कायद्यात राहून कशी न्यावी

रामटेक किंवा पेंचच्या बाजूला सायकल चालवायची असली, की नागपूरची वाहतूक ओलांडेपर्यंत ती मोटारीतून नेणे सोयीचे पडते. एक-दोनच सायकली असतील, तर त्या गाडीच्या आत ठेवून न्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅरियर (गाडीच्या बाहेर सायकल बांधण्याची चौकट) विकत घेण्याआधी मागची सीट पाडून आणि सायकलचे पुढचे चाक काढून एकदा पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. खाली जुनी चादर अंथरून चेनची बाजू वर ठेवावी. डिस्क ब्रेक असतील, तर चाक काढल्यावर ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नये, कारण मधे डिस्क नसल्याने पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. दोन्ही पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली, की ही काळजी मिटते. आतली सायकलही पट्ट्याने बांधावी, कारण जोराचा ब्रेक लागला तर ती पुढे बसलेल्यांच्या अंगावर येते.

डिक्कीच्या दारावर कॅरियर लावायचे असेल, तर आधी टेप घेऊन मोजमाप करावे. मोठ्या माणसाची सायकल साधारण 170 ते 180 सेंटिमीटर लांब असते आणि ऑल्टोसारख्या गाडीची रुंदी जेमतेम 149 सेंटिमीटर असते, म्हणजे आडवी टांगलेली सायकल बाजूने बाहेर येणारच. पुढचे चाक काढल्यास लांबी तीसेक सेंटिमीटरने घटते आणि प्रश्न बहुधा सुटतो. हे मोजमाप महत्त्वाचे आहे, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदीनुसार मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या सामानासाठी 20,000 रुपये दंड आहे.

दुसरी अडचण नंबर प्लेटची. मागची प्लेट आणि दिवे झाकले जाता कामा नयेत. रात्री ती प्लेट पांढऱ्या उजेडात 15 मीटरवरून वाचता आली पाहिजे, असा नियम आहे. नव्या उच्च सुरक्षा प्लेटचे लॉक तोडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे ती काढून कॅरियरवर लावण्याचा विचार करू नये, आणि घरी रंगवलेली दुसरी प्लेट तर मुळीच लावू नये. सायकल वर उचलून बांधता येत नसेल, तर ते कॅरियर आपल्या गाडीसाठी नाही, असे समजावे. सायकलचा टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हेही वाकून पाहावे. तिथली गरम हवा रबर खराब करते.

बांधण्यासाठी लवचीक दोऱ्यांवर विसंबू नये, बकलचे पट्टे वापरावेत आणि त्यांची मोकळी टोके गाठ मारून आवरावीत. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात रबर आणि प्लास्टिक लवकर कडक होते, म्हणून पट्टे आणि बकल दर उन्हाळ्यानंतर तपासून, तडा दिसताच बदलावेत. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढून घ्यावेत.

टपावर न्यायचे असल्यास गाडीच्या पुस्तिकेत टपाची वजनमर्यादा पाहावी आणि त्यात कॅरियरचेही वजन धरावे. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा असली, तरी टपावर सायकल असताना वाऱ्याचा जोर लक्षात घेऊन 80 च्या आतच राहावे. सायकलसह गाडीची एकूण उंची मोजून ती चिठ्ठी स्टिअरिंगजवळ चिकटवावी, म्हणजे मॉलच्या तळघरातील पार्किंगच्या दांडीखाली शिरण्याआधी ती नजरेस पडेल.