नव्या कामगार संहितांनुसार पगारपत्रक कसे तपासावे

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्या. तेव्हापासून पुण्यात भोसरीच्या वर्कशॉपपासून बाणेरच्या आयटी ऑफिसपर्यंत एकच प्रश्न फिरतो आहे : ‘बेसिक 50 टक्के करायचे का?’ कायद्यात असे कुठेही म्हटलेले नाही. ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या बदलली आहे. बेसिकला हात न लावताही मालक म्हणून तुमची देणी वाढलेली असू शकतात. त्यामुळे आधी हिशेब करा, पगाराची रचना बदलायची का ते नंतर ठरवा.

सुरुवातीला प्रत्येक माणसाच्या पगाराचे सगळे घटक एका ओळीत मांडा आणि त्यांचे दोन गट करा. बेसिक आणि महागाई भत्ता वेतनातच येतात. व्याख्येतून वगळलेल्या रकमांची यादी कायद्याने दिली आहे : घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, मालकाचा पीएफचा वाटा, कायद्याने द्यायचा बोनस, ओव्हरटाइम, कमिशन वगैरे. ‘स्पेशल अलाउन्स’ हे नाव त्या यादीत नाही. वर्षानुवर्षे बेसिक लहान ठेवून उरलेले सगळे याच खात्यात ढकलले जायचे. आता ती रक्कम वगळलेल्या गटात टाकली, की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त होते का ते पाहा. जास्त असेल तर निम्म्यावरची रक्कम वेतनात परत मिळवायची. आकड्यांत पाहू. बेसिक 15,000, घरभाडे भत्ता 15,000, वाहतूक भत्ता 6,200 आणि मालकाचा पीएफ 1,800, म्हणजे एकूण 38,000 रुपये. वगळलेल्या रकमा 23,000, एकूण मोबदल्याचे निम्मे 19,000, म्हणून जादा 4,000. कायद्याच्या लेखी या माणसाचे वेतन 19,000 झाले, पगाराच्या स्लिपवर बेसिक 15,000 च असले तरी.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे मालकाचा पीएफ एकूण मोबदल्यात धरायचा राहतो. दुसरी म्हणजे सीटीसीच्या (कर्मचाऱ्यावरच्या एकूण खर्चाच्या) तक्त्यातली ग्रॅच्युइटीची 4.81 टक्क्यांची तरतूद या बेरजेत घेतली जाते. ती या निम्म्याच्या कसोटीबाहेर आहे, आधी काढून टाका. ओव्हरटाइम मात्र वगळलेल्या यादीत असल्याने ज्या कारखान्यात महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, तिथे हे प्रमाण महिन्यागणिक हलते. एकाच महिन्याचे पगारपत्रक पाहून निष्कर्ष काढू नका.

वेतनाचा नवा आकडा हाती आला, की पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि ग्रॅच्युइटी वेगवेगळी तपासा.

पीएफची वैधानिक मर्यादा 15,000 आहे. वरच्या उदाहरणात कपात आधीच 1,800 होती आणि मर्यादेवरच पीएफ भरण्याची पद्धत असेल तर ती तेवढीच राहते. ‘नव्या कायद्याने हातात येणारा पगार घटणार’ ही आवई अशा माणसाला पीएफपुरती लागू होत नाही. ज्याचे बेसिक 15,000 च्या खाली होते आणि वेतन आता वर गेले, त्याची कपात थोडी वाढेल.

ईएसआयकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. वेतनाची मर्यादा 21,000 ची आहे. वरच्या उदाहरणातला माणूस पूर्वी घरभाडे भत्ता धरून 30,000 रुपये वेतन झाल्याने योजनेबाहेर असे. नव्या व्याख्येत त्याचे वेतन 19,000 भरले तर तो पुन्हा कक्षेत येऊ शकतो. मग त्याच्याकडून 0.75 टक्के, म्हणजे सुमारे 143 रुपये, आणि मालकाकडून 3.25 टक्के, म्हणजे सुमारे 618 रुपये दरमहा. खासगी आरोग्य विमा असलेल्या कर्मचाऱ्याला ही कपात रुचत नाही. स्लिप हातात पडण्याआधी त्याला समजावून सांगा.

खरा भार ग्रॅच्युइटीचा. सूत्र जुनेच : शेवटचे वेतन × 15 ÷ 26 × सेवेची वर्षे. 15,000 वर दहा वर्षांचे 86,538 रुपये होत. 19,000 वर 1,09,615 होतात. हिशेब शेवटच्या वेतनावर असल्याने मागची दहाही वर्षे नव्या दराने मोजली जातात. म्हणून ॲक्च्युअरीकडून (विमा-गणिताच्या तज्ज्ञाकडून) दायित्वाचे मूल्यांकन नव्याने करून घ्या आणि ते ताळेबंदाआधी सीएच्या हाती द्या. ग्रुप ग्रॅच्युइटी पॉलिसी असेल तर विमा कंपनीला वेतनाचे नवे आकडे कळवा, नाहीतर पॉलिसीत पैसे कमी पडतात.

ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना पाच वर्षे थांबावे लागत नाही; एक वर्ष भरले की सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी. चाकण-रांजणगावकडे ठेकेदाराच्या माणसांनाही सर्रास ‘कॉन्ट्रॅक्टवाले’ म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. ठरावीक मुदतीचा कामगार थेट तुमच्या मस्टरवर (हजेरीपटावर) असतो. दोघांच्या याद्या वेगळ्या ठेवा.

नेमणूकपत्र आता प्रत्येकाला लेखी द्यायचे आहे. जुन्या माणसांनाही, ज्यांना ते कधीच दिले नव्हते. त्यासाठी संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांची मुदत होती. राहून गेले असेल तर आजच छापायला घ्या.

शेवटी हिशेब चुकता करण्याची बाब. राजीनामा असो, बडतर्फी असो वा कामगारकपात, राहिलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे. महिनाअखेरच्या पगारासोबत देण्याची जुनी सवय इथे चालत नाही. ही मुदत बहुधा चुकते ती ‘नो ड्यूज’च्या कागदामुळे : स्टोअर म्हणते टूलकिट आले नाही, अकाउंट्सला ॲडव्हान्सची नोंद सापडत नाही. हा कागद नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात फिरवा आणि आकडा शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तयार ठेवा. ग्रॅच्युइटीला 30 दिवस असतात. ती या दोन दिवसांत अडकवून बाकीची रक्कम रोखू नका.