खेळ थांबला, सेक्रेटरीपद आलं: सांगलीतल्या क्रिकेट क्लबचा कारभार हाती घेताना

पस्तिशी ओलांडून गुडघे कुरकुरायला लागले की गावातला चांगला खेळाडू एक तर अंपायर होतो, नाहीतर क्लबचा सेक्रेटरी. दुसरं काम जास्त अवघड. मैदानावर ‘चल, तू टाक’ म्हणत बॉल हातात दिला की निर्णय झाला. क्लबमध्ये तो प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात उतरला नाही, तर झालाच नाही असं समजा.

चार्ज घेताना आधी यादी करा आणि मावळत्या सेक्रेटरींची तिच्यावर सही घ्या. यादीत हे हवंच: 1860 च्या कायद्याखालचं संस्था नोंदणी प्रमाणपत्र, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचं ट्रस्टचं प्रमाणपत्र, क्लबची मंजूर घटना (नियमावली), सभासद रजिस्टर, प्रोसिडिंग बुक, मागचे ऑडिट रिपोर्ट, पॅन कार्ड, पासबुक, मैदानाचा करार. ‘सगळं घरी आहे, नंतर देतो’ यावर विसंबू नका. कागद नदीकाठच्या क्लब हाऊसच्या तळमजल्यावर ठेवू नका. 2019 चा महापूर आठवा.

पुढचं काम चेंज रिपोर्टचं, म्हणजे बदलाच्या अहवालाचं. कार्यकारिणी बदलली की विश्वस्त कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात तो दाखल करावा लागतो. सोबत सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरी, ठराव आणि नव्या मंडळींची संमतीपत्रं जोडायची. बहुतेक अर्ज अडकतात ते नोटिशीवर. घटनेत पंधरा दिवसांची नोटीस लिहिलेली असते आणि आपण आठ दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकलेला असतो. मग एखादा नाराज सभासद हरकत घेतो. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब केली असेल, तर तेही लिहा. पुन्हा भरलेली सभा त्या नोंदीवरच उभी असते. चेंज रिपोर्ट लटकला की बँकेतल्या सह्या बदलायलाही अडचण येते, आणि ऐन सीझनमध्ये बॉल उधारीवर आणायची पाळी येते.

हिशेबाचं सोपं आहे: प्रत्येक प्रवेश फीची पावती, शक्यतो चेकने खर्च, खात्यावर दोन सह्या. ऑडिट सप्टेंबरच्या पुढे ढकलू नका.

आता पिच. इथे जुन्या खेळाडूला वाटतं, मला सगळं कळतं. बॅटिंग कळते, माती वेगळी. कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते, म्हणूनच ती रोलरखाली दगडासारखी घट्ट बसते. पण पुराचा गाळ आला असेल तर तो खरवडून काढाच. वर तसाच ठेवून रोलिंग केलं तर गाळाचा थर खालच्या मातीशी एकजीव होत नाही, वाळला की पापुद्रे सुटतात आणि एकाच टप्प्यावरून बॉल कधी उसळतो, कधी सरपटतो.

मॅचच्या चार-पाच दिवस आधी खोलवर पाणी मुरवा. रोलर कधी फिरवायचा हे अंगठ्याने ठरवा: दाबला की ठसा उमटावा, पण माती अंगठ्याला चिकटू नये. ओल्यात फिरवलात तर माती रोलरला चिकटून वर येते, नाहीतर वरचा पापुद्रा बंद होऊन खालचा भाग मऊच राहतो. अगदी कोरड्यात फिरवून डिझेल जळतं, बाकी काही होत नाही. सुरुवात हलक्या हातरोलरने करा, जड रोलर नंतर.

मार्किंगमध्ये नेहमीची चूक एकच. दोन्हीकडच्या स्टंपांमधलं अंतर 20.12 मीटर. स्टंपच्या मध्यरेषेपासून पुढे 1.22 मीटर मोजायचे ते पॉपिंग क्रीजच्या (बॅट्समनच्या पुढच्या रेषेच्या) मागच्या, म्हणजे स्टंपकडच्या कडेपर्यंत. चुना त्या कडेच्या पुढे पडला पाहिजे. पुढच्या कडेपर्यंत मोजलं की क्रीज पट्ट्याच्या रुंदीएवढी आखडते आणि रनआउट व नो-बॉलवरून भांडणं होतात. बोलिंग क्रीजची, म्हणजे स्टंपांच्या ओळीतल्या रेषेची लांबी 2.64 मीटर. काटकोनासाठी तीन, चार, पाच मीटरचा सुतळीचा त्रिकोण धरा, नजरेवर जाऊ नका. मॅटिंग (पिचवर अंथरायची चटई) असेल तर आधी लांबीकडून ताणा, मग बाजूचे खिळे ठोका. बाजू आधी ठोकली की मधे सुरकुती राहते, आणि ती नेमकी गुड लेंथवर, म्हणजे बॉलर टप्पा टाकतो तिथेच येते.

शेवटी संघनिवड. सांगलीत जन्मलेले विजय हजारे किंवा महाराष्ट्राला 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोनदा रणजी ट्रॉफी जिंकून देणारे दि. ब. देवधर, दोघेही पुढे निवडकर्त्याच्या खुर्चीत बसले. क्लबच्या खुर्चीचा नियम साधा ठेवा: आपला मुलगा किंवा पुतण्या यादीत असेल तर त्या बैठकीतून उठून बाहेर जा, आणि बाहेर गेल्याची नोंद करा.

वयोगटातल्या पोरांच्या जन्मदाखल्यावर फक्त जन्मतारीख पाहू नका, नोंदणीची तारीखही पाहा. नोंदणी साधारण 21 दिवसांत होते. जन्मानंतर दहा वर्षांनी झालेली दिसली की पहिली ते चौथीचा शाळेचा जनरल रजिस्टर उतारा मागवा. सोळा वर्षांखालच्या गटात पुढे हाडांच्या वयाची तपासणी होते. तिथे मुलगा बाद ठरला तर त्याचं वर्ष वाया जातं, आणि पालक दार ठोठावतात ते सेक्रेटरीचं.