पोगो पिनच्या जिगमध्ये बोर्ड नेमका कसा बसवायचा

पोगो पिन (स्प्रिंगवर दबणारी, बोर्डाला टेकून जोड देणारी बारीक पिन), बोर्डाची डिझाइन फाइल, व्हर्निअर आणि सोल्डरिंगचा सराव तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. वायरिंग, प्रोग्रॅम, लाल-हिरवा दिवा हे सगळं कुणालाही जमतं. घरी बनवलेली टेस्ट जिग, म्हणजे बोर्ड पिनांवर दाबून तपासायचं साधन, कोपऱ्यात पडून राहते ती वेगळ्याच कारणानं. पहिल्या दाबाला बोर्ड फेल, काढून पुन्हा ठेवला की पास. मग पिनला, फर्मवेअरला, पुरवठादाराला शिव्या सुरू. बहुतेक वेळा दोष एवढाच असतो की बोर्ड दर वेळी त्याच जागी बसत नाही.

कडेवर भरवसा नको

'बोर्डाच्या मापाची चौकट कापा आणि त्यात बोर्ड टाका' हा सल्ला जिथं तिथं मिळतो आणि तो टाकाऊ आहे. कड राउटरनं कापलेली असते, नाहीतर व्ही-कटवर (मोडण्यासाठी पाडलेल्या खाचेवर) मोडलेली. तोडलेल्या जागी फायबरची कुसळं राहतात. ०.२ मिलिमीटरचा फरक तिथं किरकोळ समजा. तांब्याचं चित्र बसवलं जातं ते ड्रिल केलेल्या भोकांच्या आधारानं, म्हणून पॅडचं (पोगो पिन टेकते त्या तांब्याच्या जागेचं) नातं भोकाशी असतं, कडेशी नाही. बोर्डावरची एकमेकांपासून सर्वांत लांबची, तिरकी दोन भोकं निवडा. बोर्डाची जागा धरणाऱ्या दोन लोकेटिंग पिना यांतच शिरतील. आत तांबं न चढवलेली मिळाली तर उत्तम, कारण प्लेटिंगची जाडी कमी-जास्त होते. डिझाइनमध्ये शून्यबिंदू यातल्याच एका भोकावर ठेवा.

भोकं लांबची का, तेही बघा. दोन लोकेटिंग पिनांमध्ये २० मिलिमीटर अंतर असेल आणि दुसऱ्या पिनला ०.१ चा खेळ असेल, तर पहिल्या पिनपासून ८० मिलिमीटरवरचा पॅड ०.४ नं सरकतो. एक मिलिमीटरच्या पॅडची त्रिज्याच ०.५ आहे. उरलं काय?

प्लेट

पोगो पिना ज्या प्लेटच्या भोकांत उभ्या करायच्या, तिला ॲक्रिलिक वापरू नका. लेझरनं कापलेलं भोक वरून रुंद आणि खालून अरुंद येतं, पिन तिरकी उभी राहते. शिवाय ते फुगतं. आपल्याकडे जानेवारीच्या सकाळी दहा अंश आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली चाळीस. तीस अंशांच्या या फरकात १०० मिलिमीटर ॲक्रिलिक साधारण ०.२ मिलिमीटर वाढतं, तुमचा फायबरचा बोर्ड ०.०५. हिवाळ्यात जमवलेली जिग उन्हाळ्यात रुसते ती यामुळे. नाशिकच्या कोरड्या थंडीत ॲक्रिलिकवर स्टॅटिक साठतो, तो ताप वेगळाच.

प्लेटसुद्धा पीसीबीच, म्हणजे फायबरचा छापील बोर्डच, मागवा. एकाच ड्रिल फाइलच्या दोन, मध्ये १० मिलिमीटरचे स्पेसर. १.०२ मिलिमीटरच्या पोगो पिनला तयार भोक १.१ चं. सोल्डरिंग फक्त खालच्या प्लेटला करा, ट्रॅकही तिथूनच काढा. पॅड बोर्डाच्या खालच्या बाजूला असतील तर फाइल उलटी करू नका: डिझाइनमध्ये खालचा थर वरून आरपार पाहिल्यासारखाच दिसतो आणि तुमची प्लेटही वरूनच पाहायची आहे.

दोन पिना, आणि दोन्ही सारख्या नाहीत

मला सर्वांत जास्त छळलं ते या टप्प्यानं.

पहिलं म्हणजे एम-थ्री स्क्रू हा लोकेटिंग पिन नाही. ३.२ च्या भोकात तो खुळखुळतो आणि आट्यांवर बोर्ड अडकतो. भोक मोजा आणि त्या मापाची पिन टर्निंग करून घ्या. नाशिकच्या अंबड-सातपूर कारखाना वसाहतीत एवढ्या छोट्या कामाला कुणीतरी लेथवाला नक्की तयार होतो, फक्त कागदावर आकडा लिहून पाठवू नका. "साहेब, आकडा राहू द्या, बोर्ड आणा," असंच तो म्हणणार, आणि बरोबरच म्हणतो. चार-पाच बोर्ड घेऊन जा, स्लाइडिंग फिट (न खुळखुळता सरकत बसेल असं माप) सांगा, टोकाला उतार द्यायला लावा.

दुसरं म्हणजे चारही कोपऱ्यांत पिना लावू नका. दोनच. आणि त्यातली एकच पूर्ण गोल. दोन भोकांमधलं अंतर प्रत्येक बोर्डात किंचित वेगळं असतं. दोन्ही पिना गोल आणि घट्ट असतील तर बोर्ड ठोकून बसवावा लागतो, मग तो मधून फुगतो आणि मधल्या पोगो पिना धड टेकत नाहीत. म्हणून लोक दोन्ही पिना बारीक करतात आणि मूळ दुखणं परत आणतात.

उपाय कारखान्यांत जुनाच आहे. दुसऱ्या पिनला दोन समोरासमोरच्या बाजूंनी कानस मारून चपटी करा. चपट्या बाजूंपैकी एक पहिल्या पिनकडे तोंड करून, दुसरी तिच्याकडे पाठ करून. म्हणजे दोन पिनांना जोडणाऱ्या रेषेत बोर्डाला सरकायला जागा, आडव्या दिशेला अजिबात नाही. ही पिन नव्वद अंशांत फिरली तर सगळं उलटं होतं: लांबीत अडकते आणि बोर्ड गोल पिनभोवती डुलतो. म्हणून पिन लॉक करायच्या आधी बोर्ड ठेवून लांबच्या कोपऱ्याला बोटानं आडवं ढकलून बघा. हलला तर पिन चुकीच्या दिशेला आहे.

तिसरं, उंची. लोकेटिंग पिना पोगोच्या मोकळ्या टोकांपेक्षा निदान ३ मिलिमीटर वर हव्यात. बोर्ड आधी त्यांच्यात बसला पाहिजे, पोगोला नंतर शिवला पाहिजे.

खुणा वाचा

मीटर लावण्याआधी भंगारातला एक बोर्ड घ्या, पॅडवर काळा मार्कर फिरवा, वाळू द्या, एकदाच दाबा आणि काचभिंगातून बघा. काळ्यावर बारीक चकाकता ठिपका दिसतो.

सगळे ठिपके एकाच दिशेला सरकलेले असतील तर लोकेटिंग पिनांची जागा चुकली. गोल पिनपासून लांब जाल तसे आडवे सरकत असतील तर बोर्ड फिरतोय, दुसरी पिन तपासा. गोल पिनपासून लांब जाल तसे सरळ बाहेर पसरत असतील तर माप ताणलं गेलंय. कागदावर प्रिंट काढून भोकं मारणाऱ्यांच्या नशिबी हेच येतं. एखादाच ठिपका भरकटला असेल तर ती पोगो पिन वाकलीय, बदलून टाका, सरळ करत बसू नका. ठिपक्याऐवजी ओरखडा दिसला तर दाबताना बोर्ड घसरतोय.

ओरखड्याचं मूळ क्लॅम्पमध्ये असतं. टॉगल क्लॅम्पचा (बोर्ड दाबून धरणाऱ्या पकडीचा) हात कमानीत खाली येतो आणि बोर्डाला ओढतो. मध्ये सरळ खाली उतरणारी दाबपट्टी घाला. प्रत्येकी शंभर ग्रॅम जोराच्या चाळीस पोगो पिना म्हणजे चार किलोचा दाब खालून येतो, त्यामुळे वरचे दाबखुंट पिनांच्या गठ्ठ्याजवळ हवेत, फक्त कोपऱ्यांत नाही. पोगो पूर्ण चेपू नका, टोक जेवढं आत जाऊ शकतं त्याच्या दोन-तृतीयांशावर थांबेल असा स्टॉपर लावा.

मार्करचा बोर्ड फेकू नका. त्यावर तारीख घाला आणि मे महिन्यात तसाच दुसरा काढून शेजारी ठेवून बघा.