उद्योजकतेचे सिद्धांत लिहिताना या चुका टाळा

सांगलीत एम.कॉम.च्या मुलांचे पेपर तपासताना दरवर्षी तेच वाक्य समोर येतं: ‘उद्योजक म्हणजे जोखीम घेणारा.’ प्रश्न कँटिलॉन या अर्थशास्त्रज्ञावर असो नाहीतर शुम्पिटर या दुसऱ्यावर, गाईडातली ही ओळ सगळ्यांच्या नावावर खपवलेली असते.

कँटिलॉनला ती लागू पडते. त्याचा उद्योजक ठरलेल्या भावाने घेतो आणि पुढे मिळेल त्या भावाने विकतो. शुम्पिटरने मात्र १९११च्या ग्रंथात स्पष्ट मांडलंय की नवप्रवर्तन करतो, म्हणजे काही नवं बाजारात आणतो, तो उद्योजक, जोखीम भांडवल पुरवणाऱ्याची. किर्लोस्करवाडी आठवा. औंध संस्थानाने दिलेल्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये कारखाना उभारला. लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवणं हे उद्योजकाचं काम. स्वतःचा पैसा घातला असेल, तर तेवढ्यापुरते ते भांडवलदारही. मी मुलांना प्रत्येक सिद्धांताशेजारी समासात लिहायला लावतो: बुडाले तर कुणाचे?

दुसरं दुखणं अर्थशास्त्रज्ञ नाईटच्या सिद्धांताचं: जोखीम आणि अनिश्चितता यांतला फरक. एका तोंडी परीक्षेत हळद व्यापाऱ्याचा मुलगा समोर बसला होता. प्रकल्पही हळदीच्या सौद्यांवरच.

‘गोदामाला आग लागली तर?’

‘विमा आहे, सर.’

‘आणि भाव कोसळला तर?’

‘तीही जोखीमच, सर.’

‘मग तिचा विमा का नाही उतरवला?’

पोरगं गप्प. घरात रोज जे बघतो, तेच त्याला पुस्तकात दिसलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. आगीची शक्यता मागच्या अनुभवावरून मोजता येते, हप्ता भरला की ती खर्चात जमा होते. जे असं मोजताच येत नाही ती अनिश्चितता, आणि नाईटच्या मते (१९२१) खरा नफा तिथूनच येतो. वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, भाव आजच बांधून घेता येतो, कबूल. पण मग ती अनिश्चितता समोरच्याच्या गळ्यात पडते, नाहीशी होत नाही.

कर्झनर या अर्थशास्त्रज्ञाला शुम्पिटरच्या पंगतीला बसवू नका: शुम्पिटरचा उद्योजक बाजारातला मागणी-पुरवठ्याचा समतोल मोडतो, कर्झनरचा भावातली तफावत हेरून बाजाराला समतोलाकडे नेतो. अर्थशास्त्रज्ञ ‘से’वरच्या उत्तरात जमीन, श्रम, भांडवल या उत्पादन घटकांची जुळवाजुळव आलीच पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ बॉमोल (१९९०) तर अनेकजण गाळूनच टाकतात. सवलती पदरात पाडून घेण्यात डोकं चालवणाराही उद्योजकच, फक्त अनुत्पादक, हे त्याचं म्हणणं.

आदल्या रात्री मोबाईलवर फिरणारा तुलनेचा तक्ता पाठ करू नका. त्यात ‘जोखीम’ हा रकाना सगळ्यांपुढे ‘होय’ असाच भरलेला असतो.