शून्याने भागल्यावर चिप गप्प राहते तेव्हा

पहिल्या नोकरीत माझ्या वाट्याला आलेलं काम छोटं होतं: मोटरच्या शाफ्टवरच्या सेन्सरचे पल्स पकडून वेग काढायचा. बोर्डवर एआरएमचा कॉर्टेक्स-एम४ हा छोटा प्रोसेसर होता. दोन पल्सच्या मध्ये टायमरचे किती टिक्स (ठोके) गेले ते वाचायचं आणि टायमरच्या फ्रिक्वेन्सीला त्या आकड्याने भागायचं. पहिले दोन पल्स येईपर्यंत टिक्स शून्य, म्हणजे भागाकार शून्याने. तरीही स्क्रीनवर वेग शून्य दिसायचा. मोटर बंदच असायची, त्यामुळे ते बरोबरच वाटायचं. कोड रिव्ह्यूतही कुणाला काही खटकलं नाही.

काही महिन्यांनी तेच सूत्र आम्ही इंटेलच्या इंडस्ट्रियल पीसीसाठी लिनक्स ड्रायव्हरमध्ये, म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या कोडमध्ये, घेतलं. ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड झालं आणि कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ‘डिव्हाइड एरर’ ही ओळ उमटली. कोड तोच, त्याचं मशीनच्या सूचनांत रूपांतर करणारा कंपाइलरही जीसीसीच. फरक होता प्रोसेसरचा.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये शून्याने भागलं की शून्य क्रमांकाचं एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी चुकीची खूण, उठतं. युजर प्रोग्रॅम असेल तर त्याला ऑपरेटिंग सिस्टिमकडून सिग्नल मिळतो. कर्नलमध्ये मात्र ऊप्स, म्हणजे कर्नलची गंभीर चूक, होतो. कॉर्टेक्स-एम४ मूळ सेटिंगमध्ये मुकाट्याने शून्य हे उत्तर देतो. रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या प्रोसेसरमध्येही एक्सेप्शन नाही. भागाकाराचे सगळे बिट एक होऊन येतात. कॉर्टेक्स-एम०कडे तर भागाकाराची सूचनाच नाही. तिथे कंपाइलर लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो, आणि शून्य आल्यावर काय करायचं ते एका वेगळ्या फंक्शनवर सोपवलेलं असतं. ते फंक्शन आपण स्वतः लिहू शकतो.

मग कंपाइलर काय करतो? नव्या मुलांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो, माझाही होता. मला वाटायचं, कंपाइलर कुठेतरी तपासणी घालत असेल. सी भाषेच्या प्रमाणकात पूर्णांकाला शून्याने भागणं ‘अनडिफाइन्ड’ आहे, म्हणजे काय व्हावं ते ठरवलेलंच नाही. म्हणून कंपाइलर तपासणी घालायला बांधील नाही, आणि भाजक शून्य नसणारच असं गृहीत धरायला मोकळा आहे. समजा, तुम्ही आधी भागाकार करून लॉग छापला आणि पुढच्या ओळीत टिक्स शून्य आहेत का ते विचारलं. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्यासाठी कंपाइलरने केलेले बदल) चालू असेल तर ती तपासणी काढून टाकण्याचा कंपाइलरला हक्क आहे: भागाकार झाला, अर्थात टिक्स शून्य नव्हते. म्हणून तपासणी भागाकाराच्या आधी हवी, आणि ती लागली की फंक्शनमधून बाहेर पडायला हवं.

लिनक्समधल्या मोठ्या संख्यांच्या लायब्ररीत एकेकाळी याच्या उलट प्रकार होता. भाजकाचा आकार शून्य असेल तर एकाला मुद्दाम शून्याने भागायचं, म्हणजे एक्सेप्शन उठेल, अशी ती ओळ होती. पण जिथे प्रोसेसर गप्प राहतो तिथे एक्सेप्शन उठत नाही, आणि कंपाइलर ती ओळच वगळू शकतो.

ड्रायव्हरमध्ये हा शून्य बहुतेक वेळा बाहेरून येतो. स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या फ्रेमबफर ड्रायव्हरचं उदाहरण मी प्रत्येक नवीन माणसाला दाखवतो. युजर प्रोग्रॅम आयओसीटीएल या ड्रायव्हरशी बोलण्याच्या कॉलमधून पिक्सलक्लॉक (एका पिक्सलला लागणारा वेळ) देतो आणि ड्रायव्हर त्याने भागून फ्रिक्वेन्सी काढतो. कुणी शून्य दिला की कर्नल ऊप्स. कायरो, सॅव्हेज, एसआयएस या ग्राफिक्स चिपांच्या ड्रायव्हरांमध्ये हीच दुरुस्ती करावी लागली: शून्य असेल तर आधीच एरर परत करा.

साइन्ड, म्हणजे ऋणही असू शकणाऱ्या, संख्यांमध्ये आणखी एक खड्डा आहे. सर्वात लहान ऋण संख्येला उणे एकने भागलं की उत्तर मावत नाही, आणि इंटेलवर तेच एक्सेप्शन येतं. शून्याची तपासणी करूनही कोड पडला तर आधी इथे बघा.

सुरुवात करताना कॉर्टेक्स-एम३ किंवा एम४ हाताशी असेल, तर सीसीआर या प्रोसेसरच्या सेटिंग रजिस्टरमधला शून्य-भागाकाराचा ट्रॅप बिट पहिल्याच दिवशी चालू करा. मग चूक फॉल्ट होऊन समोर येते. यूबीसॅन, म्हणजे अनडिफाइन्ड गोष्टी चालताना पकडणारी कंपाइलरची सोय, तिची भागाकाराची तपासणी लावून टेस्ट चालवा. आणि तयार झालेल्या मशीन सूचना दाखवणाऱ्या ऑब्जडंपने स्वतःचं फंक्शन उघडून वाचा. आपली तपासणी भागाकाराच्या सूचनेआधी खरंच शिल्लक आहे का, हे तिथेच कळतं.

माझ्या ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती दोन ओळींची झाली, पण त्याआधी आम्ही अर्धा दिवस बोललो. ‘मोटर थांबली आहे’ आणि ‘अजून मोजमापच झालेलं नाही’ या दोन्हींसाठी आम्ही शून्यच दाखवत होतो. आता दुसऱ्या स्थितीत ड्रायव्हर वेग देतच नाही, ‘पुन्हा विचारा’ असा एरर कोड देतो, आणि स्क्रीनवर आकड्याऐवजी रेघ दिसते.