शेणाच्या स्लरीची टाकी सेफ कशी ठेवायची

टाकीत पडून बुडण्याची भीती सगळ्यांनाच असते, पण खरा घात गॅस करतो. स्लरी (शेण, मूत्र, पाणी यांचा पातळ काला) ढवळली की आत अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम बाहेर येतो, पहिला अर्धा तास तर सगळ्यात डेंजर. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, मग गॅस वाढला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं गेला वाटतं गॅस, म्हणून वासावर अजिबात भरवसा ठेवू नका.

ढवळायच्या आधी गोठ्यातली जनावरं बाहेर काढा, दारं-खिडक्या सताड उघडा, जरा वारा असलेला दिवस बघा, मिक्सर चालू केला की निदान अर्धा तास तिकडे फिरकू नका. मिथेन हा पेट घेणारा गॅसही असतो, त्यामुळे बिडी-काडी, वेल्डिंग बंद.

झाकण मजबूत हवं, गंजलेला पत्रा नको, खाली लोखंडी जाळी, भोवती पोरांना चढता येणार नाही असं कुंपण आणि गेटला कुलूप. शिडी लावून ठेवू नका.

कुणी आत पडलंच तर मागोमाग उतरू नका, साध्या मास्कने काही होत नाही, वाचवायला गेलेलेच जातात. बाहेरूनच दोर टाका, फायर ब्रिगेडला फोन करा.