पीसी आपोआप रीस्टार्ट होतोय? नवा एसएमपीएस मागवण्याआधी हे करून बघा

काम ऐन रंगात आलेलं असतं आणि पडदा अचानक काळा होतो. दोन सेकंदांनी पंखे पुन्हा घुमायला लागतात, मदरबोर्डचा लोगो झळकतो आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलेलं असतं. पहिल्या वेळी आपण लाइटला बोल लावतो, दुसऱ्या वेळी विंडोजला, आणि तिसऱ्या वेळी वैतागून एखादा नवा पार्ट मागवतो. मीही तेच केलं होतं. त्याची कथा खाली येईलच.

शोधाला सुरुवात एकाच प्रश्नाने करायची: पीसी विंडोजने रीस्टार्ट केला, की विंडोज बेसावध असताना खालून वीजच तुटली? बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, पण कारणं पूर्ण वेगळी असतात. हे ठरल्याशिवाय कॅबिनेटच्या स्क्रूला हात लावू नका.

१. कागद घ्या

प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: किती वाजता झालं, तेव्हा काय चालू होतं, आणि मशीन क्षणात परत सुरू झालं की बंद पडून राहिलं. गेम किंवा व्हिडिओ रेंडर चालू असतानाच होत असेल तर संशय उष्णतेवर आणि वीजपुरवठ्यावर. काहीच चालू नसताना, मशीन नुसतं बसलेलं असताना होत असेल तर दिशा वेगळी. घरातलं दुसरं जड यंत्र सुरू होताना होत असेल तर दोष कदाचित पीसीमध्ये नाहीच. पाच-सहा नोंदी झाल्या की कागद स्वतःच बोलायला लागतो.

२. विंडोजला थांबायला सांगा

ब्लू स्क्रीन, म्हणजे गंभीर बिघाड कळवणारा निळा पडदा, आली की लगेच रीस्टार्ट करायचं, अशी विंडोजची मूळ सेटिंग असते. त्यामुळे एरर वाचायच्या आत गायब होतो. ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ उघडा, ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या ‘सेटिंग्ज’मध्ये जा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिक काढा. आता ब्लू स्क्रीन येत असेल तर ती समोर टिकून राहील. मोबाइलवर फोटो काढा, स्टॉप कोड (बिघाडाचा प्रकार सांगणारा कोड) फोटोत स्पष्ट दिसला पाहिजे.

टिक काढूनही मशीन काही न दाखवता उडत असेल, तर तोही पुरावाच आहे. विंडोजला बोलायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे गडबड बहुधा हार्डवेअरमध्ये किंवा विजेत आहे.

३. इव्हेंट व्ह्यूअर नीट वाचा

स्टार्टच्या शोधपट्टीतून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’वर जा. रीस्टार्टच्या वेळेजवळ ‘कर्नल-पॉवर’, क्रमांक ४१ अशी लाल नोंद दिसेल. इथेच बहुतेक लोक घसरतात. नावात ‘पॉवर’ आहे म्हणून एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा) गेला, असं ठरवून मोकळे होतात. प्रत्यक्षात ही नोंद पुढच्या वेळी सुरू होताना लिहिली जाते आणि तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कारण त्यात लिहिलेलं नसतं.

कारणाचा धागा त्याच नोंदीच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये असतो. तिथे ‘बगचेककोड’समोरचा आकडा बघा. शून्य असेल तर ब्लू स्क्रीनची नोंदच झालेली नाही: वीज तुटली, रीसेट दाबला गेला किंवा मशीन जागच्या जागी गोठलं. शून्य नसेल तर तो स्टॉप कोडच असतो, फक्त दशमान पद्धतीत. विंडोजच्या कॅल्क्युलेटरच्या ‘प्रोग्रॅमर’ मोडमध्ये त्याचा हेक्स (सोळाच्या पायावरचा) आकडा मिळतो. उदाहरणार्थ, २९२ म्हणजे हेक्समध्ये १२४, आणि हा कोड हार्डवेअरनेच बिघाड कळवल्याचा आहे. आजूबाजूला ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या) नोंदी सापडतात का पाहा. २६ म्हणजे १ए, हा मेमरी मॅनेजमेंटचा कोड. रॅमवर संशय घ्यायला हरकत नाही, पण बिघडलेला ड्रायव्हरही हेच करू शकतो.

आणि १०७४ क्रमांकाची नोंद दिसली तर हसून सोडून द्या. तो रीस्टार्ट कुणीतरी सांगून झालेला असतो, बऱ्याचदा अपडेटने. कुठल्या प्रोग्रॅमने केला, हेही तिथे लिहिलेलं असतं.

४. विंडोजला बाजूला काढा

पेन ड्राइव्हवरून लिनक्सची (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) इन्स्टॉल न करता चालणारी लाइव्ह आवृत्ती चालवा आणि मशीन तासभर वापरा, किंवा नुसतं बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जच्या) पडद्यावर सोडून द्या. तिथेही रीस्टार्ट झालं तर विंडोज निर्दोष. उलट मात्र धरू नका. बायोसमध्ये मशीनवर ताण फारसा येत नाही, त्यामुळे तिथे ते तासभर टिकलं म्हणून हार्डवेअर ठीक आहे, असं होत नाही.

५. भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत

पॉवर केबल मागे घट्ट बसली आहे का? एक्स्टेन्शन बोर्ड काढून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहा. यूपीएस असेल तर काम सेव्ह करून त्याचा भिंतीतला प्लग काढा. पीसी त्या क्षणी उडाला, तर यूपीएसची बॅटरी संपलेली असण्याची शक्यता मोठी आहे. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १५-२० मिलिसेकंदच तग धरतो, तेवढ्यात यूपीएसने भार उचलायला हवा.

६. रीसेटचं बटण

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. मी दीड महिना केली नव्हती. माझा पीसी दिवसातून दोन-तीनदा उडायचा, बगचेककोड कायम शून्य. मी आधी रॅम बदलली, मग एसएमपीएस. फरक शून्य. शेवटी एकदा टेबलाखाली काहीतरी शोधताना गुडघा कॅबिनेटला लागला आणि मशीन रीस्टार्ट झालं. पुन्हा मुद्दाम टकटक केली, पुन्हा रीस्टार्ट. पुढचं रीसेट बटण धुळीने अर्धवट आत अडकलं होतं आणि जरा हादरा बसला की आतले संपर्क चिकटत होते. दोन पार्ट कपाटात पडले ते पडलेच.

तपासणं सोपं आहे. मशीन बंद करा, प्लग काढा, कॅबिनेट उघडा, मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या पॅनलच्या बारीक वायरी येतात तिथून ‘रीसेट’ लिहिलेली दोन पिनांची जोडणी उपटून ठेवा. पीसी तिच्याशिवाय व्यवस्थित चालतो. दोन दिवस वापरून पाहा.

७. उष्णता

कॅबिनेट पुन्हा उघडा. पंखे सगळे फिरतात का, प्रोसेसरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची गोधडी बसली आहे का, हीटसिंक एका बाजूने सैल आहे का, बघा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मग एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅमने ताणाखालचं तापमान पाहा. बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. त्यापुढे गेले तर मशीन बंद पडतं. म्हणून उष्णतेचं लक्षण बहुतेकदा ‘आधी मंदावलं, मग बंद झालं’ असं असतं. क्षणात रीस्टार्ट होणारं मशीन ६० अंशांवर असेल तर थर्मल पेस्टच्या (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला लेप) मागे लागू नका.

८. रॅम

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवणाऱ्या सेटिंग्ज) आणि सगळं ओव्हरक्लॉकिंग बंद करा. बऱ्याच तक्रारी इथेच संपतात, कारण पाकिटावर छापलेला वेग म्हणजे प्रत्येक बोर्डवर चालेलच असा वेग नव्हे. नंतर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर लावा. एकही एरर खपवून घेऊ नका. आला, तर रॅमची एक-एक काडी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा, म्हणजे दोष काडीत आहे की स्लॉटमध्ये ते कळेल.

मशीन रिकामं बसलेलं असतानाच उडत असेल आणि प्रोसेसर एएमडीचा रायझन असेल, तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधून ते ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवून बघा. काही एसएमपीएसना प्रोसेसरची झोपेतली अगदी कमी भूक पेलत नाही.

९. एसएमपीएस, शेवटी

एसएमपीएस मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ नावाचा सिग्नल देत असतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की हा सिग्नल तुटतो आणि बोर्ड रीसेट होतो. १२ व्होल्टच्या लाइनला ५ टक्के सूट आहे, म्हणजे ११.४ ते १२.६. मल्टिमीटरवर आकडा ठीक दिसला म्हणून खूश होऊ नका. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरती प्रचंड वीज ओढतं, आणि तो खड्डा मल्टिमीटर पकडू शकत नाही.

म्हणून ताण वेगवेगळा द्या. प्राइम९५ने फक्त प्रोसेसरवर, फरमार्कने फक्त ग्राफिक्स कार्डवर, मग दोन्ही एकत्र. एकेकटे टिकले आणि एकत्र लावताच रीस्टार्ट झालं, तर एसएमपीएसवर बोट ठेवायला जागा आहे. तरी आधी ग्राफिक्स कार्डाच्या केबली पाहा: एकाच केबलला दोन टोकं असतील आणि दोन्ही एकाच कार्डात घातली असतील, तर दोन स्वतंत्र केबली लावा. त्यानेही नाही थांबलं, तर कुणाचा तरी चालू एसएमपीएस दोन दिवसांसाठी मागून आणा. केबली मात्र त्याच्याच वापरा, कारण मॉड्युलर (एसएमपीएसमधून काढता येणाऱ्या) केबलच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते आणि चुकीच्या केबलने बोर्ड जळतो. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज शिल्लक असू शकतो.

एसएमपीएस बदलूनही खेळ चालूच राहिला, तर उरला मदरबोर्ड. जुन्या बोर्डवर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर टॉर्च मारून बघा. डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं किंवा तपकिरी डाग पडलेलं दिसलं तर चोर सापडला. तसं काही दिसत नसेल तर मशीन दुरुस्तीला द्या आणि पहिल्या पायरीचा तो कागद कॅबिनेटला चिकटवून द्या, नाहीतर तिथे पहिल्यांदा विंडोजच नव्याने टाकून मिळेल.